विशेष शिक्षक: प्रशिक्षण, काम आणि टिकून राहणं. इंदूरच्या मराठी पालकांकडून, शाळांकडून आणि होऊ घातलेल्या शिक्षकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलीला विशेष शिक्षिका व्हायचं आहे. कोणता कोर्स करावा?

विशेष शिक्षक म्हणजे दिव्यांग किंवा शिकताना जादा मदत लागणाऱ्या मुलांना शिकवणारे. या क्षेत्रातले कोर्स भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या, मान्यतेने चालतात. परिषदेचा कायदा 1992 चा. बारावीनंतर दोन वर्षांचं डी.एड. विशेष शिक्षण आहे आणि पदवीनंतर दोन वर्षांचं बी.एड. विशेष शिक्षण. साधं बी.एड. वेगळं आणि हे वेगळं. साध्या बी.एड.मध्ये समावेशक शिक्षणाचा एखादा पेपर असतो, पण तेवढ्यावर कोणी विशेष शिक्षक होत नाही.

फॉर्म भरण्याआधी आरसीआयच्या संकेतस्थळावर तीन गोष्टी पडताळा: संस्थेचं नाव, नेमकं स्पेशलायझेशन आणि शैक्षणिक वर्ष. मान्यता संस्थेला कायमची मिळत नाही. ती ठरावीक कोर्सला, ठरावीक मुदतीसाठी असते. शेजारच्या मुलीने तीन वर्षांपूर्वी तिथूनच केलं होतं, एवढ्या भरवशावर प्रवेश घेतलेल्यांची नोंदणी पुढे अडकते. दूरशिक्षणाने करणाऱ्यांनी तर अभ्यासकेंद्राचीही खात्री करावी, कारण प्रात्यक्षिकं तिथेच होणार असतात.

स्पेशलायझेशन कसं निवडायचं?

बहुतेक जण घराजवळच्या कॉलेजात जे असेल ते घेतात. त्यापेक्षा रोज काय करावं लागेल ते पाहून ठरवावं. दृष्टिदोष घेतलं तर ब्रेल हातात बसायला हवी. पाटी आणि टोच्याने लिहिताना ओळ उजवीकडून डावीकडे जाते आणि अक्षर उलटं टोचावं लागतं. ही सवय रोजच्या अर्ध्या तासाच्या सरावाशिवाय लागत नाही. श्रवणदोष घेतलं तर भारतीय सांकेतिक भाषा यायला हवी, शिवाय श्रवणयंत्र सांभाळता यायला हवं. बौद्धिक अक्षमता आणि स्वमग्नता यांत दैनंदिन कौशल्यं आणि वर्तन यांचं काम जास्त.

साध्या शाळेत नोकरी करायची असेल तर समोर येणारी मुलं बहुधा वाचन-लेखनाच्या अडचणीची, सौम्य बौद्धिक अक्षमतेची, स्वमग्न आणि एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकणारी, अतिचंचल, अशी असतात. एडीएचडीचं नाव 2016 च्या दिव्यांगजन हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांमध्ये नाही, त्यामुळे त्या मुलांकडे प्रमाणपत्र नसतं. मूल मात्र वर्गात असतंच.

पदवी हातात आली. आता लगेच शिकवता येईल?

आधी केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव लागलं पाहिजे. तिथून मिळतो तो सीआरआर नंबर. या नंबराशिवाय व्यवसाय करणं परिषदेच्या 1992 च्या कायद्याच्या कलम 13 प्रमाणे गुन्हा आहे: एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दर पाच वर्षांनी नूतनीकरण होतं आणि त्यासाठी सीआरईचे, म्हणजे सतत चालणाऱ्या पुनर्वास शिक्षणाचे, 100 गुण जमवावे लागतात. वर्षाला 20 धरा. चार वर्षं स्वस्थ बसून पाचव्या वर्षी धावपळ करणाऱ्यांना मिळेल ती कार्यशाळा घ्यावी लागते. मग श्रवणदोषाच्या बाई ब्रेलच्या सत्रात बसलेल्या दिसतात.

कोर्स करूनही पहिल्या वर्षी शिक्षक गोंधळतात. प्रशिक्षणात नेमकं काय राहून जातं?

पाठ घेतले जातात, फायली भरल्या जातात, चार्ट रंगवले जातात. पण बहुतेक पाठ चांगल्या दिवशी, निवडलेल्या मुलांवर, निरीक्षक येणार हे ठाऊक असताना होतात. नोकरीच्या पहिल्या सोमवारी वर्गात एक मूल टेबलाखाली बसलेलं असतं, एकाला शौचाला न्यायचं असतं आणि एकाचं श्रवणयंत्र शिट्टी मारत असतं. ही शिट्टी बहुधा कानातला साचा सैल झाल्यामुळे येते. लहान मुलाचा कान वाढतो, म्हणून साचा काही महिन्यांतच बदलावा लागतो. हे कोणीतरी साचा हातात देऊन दाखवलेलं असावं लागतं.

विद्यार्थिशिक्षकांनी कोर्स संपायच्या आत चार गोष्टी हाताने करून घ्याव्यात. एकाच मुलाबरोबर सलग सहा आठवडे काम करून रोजची नोंद ठेवावी. एक पालकसभा स्वतः चालवावी. एका वर्गशिक्षिकेबरोबर बसून तिच्याच पुस्तकातला एक धडा मुलाला जमेल असा बदलून द्यावा. आणि सकाळची श्रवणतपासणी शिकावी: मुलाच्या मागे उभं राहून, ओठ न दाखवता, आ, ई, ऊ, म, श, स हे सहा आवाज म्हणायचे आणि प्रत्येकाला मुलाने हात वर करायचा. बोलण्यातली खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंतची कंपनं या सहांत येतात. मूल 'म'ला हात करतं पण 'स'ला करत नाही, तर वरच्या पट्टीचं त्याला ऐकू येत नाही किंवा यंत्रात बिघाड आहे. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते टाळलं तर मूल दिवसभर बंद यंत्र कानात घालून वर्गात बसतं आणि शेरा मात्र मिळतो 'लक्ष देत नाही'.

आयईपी म्हणजे काय आणि त्यात चुका कुठे होतात?

वैयक्तिक शैक्षणिक आराखडा. कल्पना अमेरिकेतली, 1975 च्या तिथल्या कायद्याने रूढ झालेली. आपल्याकडे 2016 च्या कायद्यात वैयक्तिक सहाय्याची तरतूद आहे आणि आराखडा हे ते देण्याचं रोजचं साधन.

सुरुवात मुलाला आज काय येतं इथून करायची. बौद्धिक अक्षमतेसाठी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेची कार्यात्मक तपासणी सूची, म्हणजे एफएसीपी, वापरतात. किंवा मद्रास डेव्हलपमेंटल प्रोग्रामिंग सिस्टिम घेतात. तिच्यात 18 क्षेत्रं आणि प्रत्येकात 20 अशा एकूण 360 बाबी आहेत. सगळ्या बाबींवर खुणा करत बसायला कितीतरी बैठका जातात. नवख्याने आधी घरच्यांना अडणारी चार क्षेत्रं घ्यावीत.

मग उद्दिष्ट. 'राहुल पैसे ओळखेल' हे उद्दिष्ट नाही, ती इच्छा झाली. उद्दिष्टात तीन गोष्टी लागतात: कोणत्या परिस्थितीत, मूल काय करेल, किती अचूक. उदाहरणार्थ: 'समोर 10, 20 आणि 50 च्या खऱ्या नोटा ठेवल्या असता, पोह्यांच्या ठेल्यावर सांगितलेल्या किमतीची नोट राहुल उचलेल, 5 पैकी 4 वेळा, सलग 3 दिवस.' खऱ्या नोटा हे मुद्दाम लिहिलं आहे. खेळण्यातल्या नोटांवर शिकलेलं मूल ठेल्यावर अडतं. आपल्या शहरात ओला-सुका कचरा वेगळा करणं घरोघरी रोज चालतं, म्हणून वर्गीकरण शिकवायला केळीची सालं आणि कागद घ्यावेत. प्लास्टिकचे रंगीत मणी वेगळे करून त्या मुलाला पुढे काय करायचं आहे?

त्यानंतर कामाची फोड. डबा उघडणं घ्या: डबा पिशवीतून काढणं, टेबलावर ठेवणं, कडी सोडवणं, झाकण उचलणं. शेवटच्या पायरीपासून शिकवावं. आधीच्या तीन पायऱ्या शिक्षकाने मुलाचा हात धरून कराव्यात, झाकण मुलाने उचलावं. पहिल्याच दिवशी समोर पोळीभाजी येते, वेगळ्या बक्षिसाची गरज उरत नाही. झाकण जमलं की कडी मुलाकडे सोपवायची.

सगळ्यात जास्त बिघडतं ते मदत कमी करताना. हातावर हात, मग मनगट, मग कोपराला स्पर्श, मग नुसती खूण, अशी मदत उतरवत न्यायची. तोंडी सूचना शक्यतो कमी द्यावी, कारण ती सुटणं सगळ्यात अवघड. 'आता साबण घे, आता चोळ' ऐकत हात धुणारं मूल वर्षभराने कोणी बोलल्याशिवाय नळाखाली नुसतं उभं राहतं. नोंदीत 'जमलं, नाही जमलं' एवढंच न लिहिता मदतीची पातळी लिहावी. त्यातूनच प्रगती दिसते.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे एकच आराखडा नाव बदलून दहा मुलांना. छाननीला आलेला माणूस दोन फायली शेजारी ठेवतो आणि पहिल्या पानावर ओळखतो. वर्षाला तीन ते पाच उद्दिष्टं पुरेत.

आमच्या घरी मराठी, शाळा हिंदी किंवा इंग्रजी. शिक्षिका म्हणतात मुलाला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनाची मुळातली अडचण, असावा. खरं कसं ओळखायचं?

रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर इथल्या घरांतून हा प्रश्न फार येतो. मूल श्रुतलेखनात 'पानी'ऐवजी 'पाणी', 'फल'ऐवजी 'फळ', 'काला'ऐवजी 'काळा' लिहितं. हिंदीच्या तपासणीत या चुकाच धरल्या जातात; प्रत्यक्षात मूल घरचा उच्चार बरोबर लिहीत असतं. लिंगाचंही तसंच. मराठीत पुस्तक 'ते', हिंदीत 'किताब' स्त्रीलिंगी. आपल्याकडे तीन लिंगं, तिकडे दोन. 'मेरा किताब' म्हणणं हा भाषा बदलतानाचा अडखळा आहे. गंमत म्हणजे 'शिक्षा' हा शब्दच दोन भाषांत दोन अर्थांचा, त्यामुळे महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्यांना 'जनपद शिक्षा केंद्र' ही तालुका पातळीवरच्या शिक्षण कार्यालयाची पाटी वाचून दचकायला होतं.

शंका खरी कधी धरायची? अडचण दोन्ही भाषांत दिसते तेव्हा. मूल मराठीतही 'कमळ'मधला मधला आवाज वेगळा काढू शकत नाही, मात्रा गाळतं, ओळीने वाचताना अक्षरांची जागा बदलतं, आणि हे महिनोन्‌महिने शिकवूनही हलत नाही. शिक्षिकेने मुलाकडून गोष्ट आधी मराठीत सांगून घ्यावी. तोंडी गोष्ट नीट आणि वाचन कच्चं, असा फरक असेल तर रीतसर तपासणी करावी. औपचारिक निदानाची घाई तिसरीच्या आधी करू नये. वाचनाची जादा मदत मात्र पहिलीपासून द्यावी. तिला कुठलंही प्रमाणपत्र लागत नाही.

एनसीईआरटीचं 'प्रशस्त' हे साधनही चाळणीसाठीच आहे. पहिला भाग वर्गशिक्षक भरतात, दुसरा विशेष शिक्षक. त्यातून आलेलं नाव म्हणजे निदान समजू नये.

शॅडो टीचर ठेवली तर विशेष शिक्षिका लागेल का?

लागेल. शॅडो टीचर वर्गात मुलाशेजारी बसून ठरलेली मदत देते; मदत कोणती आणि ती कधी कमी करायची हे विशेष शिक्षिका ठरवते. ठरवणारं कोणी नसेल तर शॅडो टीचर वर्षभरात मुलाचं दप्तर आवरू लागते आणि वही लिहून देऊ लागते.

शाळेत किती मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा?

सर्वोच्च न्यायालयाने रजनीश कुमार पांडेय प्रकरणात ऑक्टोबर 2021 मध्ये प्रमाण मान्य केलं: प्राथमिकला विशेष गरजांच्या 10 मुलांमागे एक, त्यावरच्या वर्गांना अशा 15 मागे एक. त्याच प्रकरणात मार्च 2025 मध्ये राज्यांना पदं अधिसूचित करून पात्र शिक्षकांची निवड सुरू करण्याचा आदेश झाला. आधीपासून कंत्राटावर असलेल्यांची पात्रता तीन सदस्यांच्या समितीने तपासायची, असंही त्यात आहे. म्हणून कंत्राटी मंडळींनी सीआरआर नोंदणी जिवंत ठेवावी आणि नेमणुकीची पत्रं, अनुभवाचे दाखले, हजेरीच्या प्रती एका जागी ठेवाव्यात. खंड पडलेलं एखादं वर्ष सिद्ध करताना हेच कागद कामी येतात.

सरकारी शाळेत एमआरसी येतात, त्या महिन्यातून एकदाच दिसतात. का?

मध्य प्रदेशात जनपद शिक्षा केंद्राकडे मोबाइल स्रोत सलाहकार, म्हणजे शाळाशाळांत फिरून विशेष गरजांच्या मुलांसाठी मदत करणाऱ्या, असतात, त्या एमआरसी. हिशोब करून पाहा. एका व्यक्तीकडे 25 शाळा आणि महिन्याचे कामाचे 24 दिवस धरले, तर प्रत्येक शाळेला महिन्यात एक दिवसही पुरा येत नाही, आणि त्यातच बैठका, शिबिरं, पोर्टलवरच्या नोंदी. अशा भेटीत मुलाला थेट शिकवत बसणं वाया जातं. त्या दिवशी वर्गशिक्षिकेला एकच तंत्र करून दाखवावं, तिच्याकडून करून घ्यावं, आणि पुढच्या भेटीपर्यंत रोज भरायचा चार रकान्यांचा कागद देऊन यावं. घरीच शिकणाऱ्या मुलाच्या बाबतीत हाच कागद आईकडे.

समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजांच्या प्रत्येक मुलामागे वर्षाला 3,500 रुपयांची तरतूद असते आणि मुलींना महिना 200 रुपये, दहा महिने, विद्यावेतन. पालकांनी शाळेत आणि जनशिक्षकाकडे, म्हणजे आसपासच्या शाळांच्या समन्वयकाकडे, त्याची चौकशी जरूर करावी.

विशेष शिक्षक नोकरी सोडून का जातात?

मुलांना कंटाळून जाणारे थोडे. पगार कमी आणि करार वर्षावर, हे कारण आहेच आणि त्याला वळसा घालू नये. पण जिथे पगार बरा आहे तिथूनही लोक जातात, तेव्हा कारण कामाच्या मांडणीत असतं. विशेष शिक्षिकेचा तास हा शाळेच्या नजरेत मोकळा तास असतो. कोणी रजेवर गेलं की तिलाच वर्गावर पाठवतात. मूल ओरडलं की वर्गातून उचलून तिच्या खोलीत, आणि ते शांत झालं की परत. शिकवण्याचं ठरलेलं काम तसंच पडून राहतं. वर्षअखेरीला पालक विचारतात, काय शिकवलंत?

दुसरं, एकटेपण. गणिताच्या बाईंना शेजारी दुसऱ्या गणिताच्या बाई असतात. हिचं काम समजणारं शाळेत दुसरं कोणी नसतं. मुख्याध्यापक निरीक्षणाला येतात ते फळ्याचं अक्षर पाहून जातात. मोठी मुलं उचलून कंबर जाते, ते वेगळंच. त्यासाठी प्रशिक्षित आया आणि दोघांनी मिळून उचलण्याचा नियम हवा.

पहिली दोन वर्षं सगळ्यात नाजूक.

मग शाळेने नेमकं काय करावं? आमची शाळा लहान आहे, फार पैसे नाहीत.

पहिला खर्च शून्याचा: कामाचं स्वरूप लेखी द्या. आठवड्याचे 36 तास धरले तर साधारण 22 थेट शिकवण्याचे, 5 वर्गशिक्षकांबरोबर नियोजनाचे, 4 नोंदींचे, 3 पालकांचे, 2 साहित्य करण्याचे. हे वेळापत्रक मुख्याध्यापकांच्या सहीने स्टाफरूममध्ये लावा. बदली तासाला महिन्यात दोनपेक्षा जास्त वेळा पाठवायचं नाही, हेही त्यातच लिहा.

नव्या शिक्षिकेला पहिल्या सत्रात पूर्ण भार देऊ नका. सहा मुलांपासून सुरू करा, दिवाळीनंतर वाढवा. पंधरा दिवसांतून एकदा अनुभवी विशेष शिक्षिकेने अर्धा तास वर्ग पाहावा आणि त्याच दिवशी दोनच गोष्टी सांगाव्यात. वर्षातून एकदा मोठी कार्यशाळा घेण्यापेक्षा याचा परिणाम वर्गात जास्त दिसतो, कारण शिकलेलं दुसऱ्या दिवशी करून पाहता येतं. आपल्या शाळेत तसं कोणी नसेल तर दोन-तीन शाळांनी मिळून एका अनुभवी व्यक्तीला मानधन द्यावं. सीआरईची फी आणि त्या दिवसांची भरपगारी रजा शाळेने द्यावी. नव्याने जाहिरात काढून, मुलाखती घेऊन, मुलांची घडी पुन्हा बसवण्याच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे.

आणि नोकरी सोडताना कारण विचारण्याऐवजी नोव्हेंबरमध्येच विचारा: पुढच्या जूनला तुम्ही इथे असाल असं कशामुळे होईल? उत्तर बहुतेक वेळा लहान असतं. खोलीला पंखा, एक कपाट, गुरुवारचा शेवटचा तास मोकळा.

शिक्षिका चांगली आहे की नाही, हे पालकांनी कसं ओळखायचं?

सीआरआर नंबर मागा. विचारण्यात अपमान नाही. मग पाहा: ती मुलाला काय येतं हे आधी सांगते की काय येत नाही? तीन महिन्यांनी नोंदवही दाखवते का? शाळेत जमलेली गोष्ट घरी, आजीबरोबर, दुसऱ्या जागी जमते का हे विचारते का? शिकवणं थांबवून चार आठवड्यांनी तेच पुन्हा तपासते का? 'सहा महिन्यांत नॉर्मल करून देते' म्हणणाऱ्या व्यक्तीकडून मुकाट्याने उठून यावं.

परीक्षेतल्या मार्कांवरून मात्र ठरवू नका. लेखनिक किंवा जादा वेळ मिळाल्यावर मार्क एकदम वाढतात. ते सवलतीचं श्रेय असतं.

बाई सत्राच्या मध्येच सोडून गेल्या. मुलाचं नुकसान कमी कसं करायचं?

जाणाऱ्या बाईंकडून मुलामागे एक पान लिहून घ्यावं: सध्याची उद्दिष्टं, प्रत्येकात मदतीची पातळी, मूल कशाने बिथरतं, कशाने शांत होतं, आणि 'हो', 'नाही', 'पुरे', 'शू' हे ते कसं सांगतं. शेवटचा मुद्दा बोलू न शकणाऱ्या मुलांसाठी सगळ्यात महत्त्वाचा. नव्या व्यक्तीला खूण कळली नाही की मूल चावतं किंवा डोकं आपटतं, आणि फायलीत नवी 'वर्तनसमस्या' लिहिली जाते. पालकांच्या संमतीने दोन मिनिटांचा मोबाइल व्हिडिओ करून ठेवला तर पानभर वर्णनापेक्षा उपयोगी पडतो. शक्य असेल तर जुन्या आणि नव्या बाई एक आठवडा एकत्र राहाव्यात: पहिले दोन दिवस नवीने बघायचं, पुढचे दोन तिने शिकवायचं आणि जुनीने बघायचं, शेवटच्या दिवशी जुनीने खोलीबाहेर थांबायचं. नवीने पहिला महिना एकही नवं उद्दिष्ट घेऊ नये. कपाटाची किल्ली आणि मूल्यमापनाच्या मूळ प्रती मुख्याध्यापकांकडे जमा झाल्याशिवाय कार्यमुक्तीच्या पत्रावर सही करू नये.